एकोणीस चेहऱ्यांचं कव्हर

शनिवार पेठेतल्या वर्तकबाई गिऱ्हाइकाचं तोंड बघायच्या आधी त्याचा फोटो बघायच्या. दुकानात पाऊल टाकलं की हात पुढे. "फाईल द्या. ओळख नंतर." आयुष्यभर लग्नपत्रिका केल्या, आणि पत्रिका कमी झाल्या तशा बाई फेसबुकचे कव्हर फोटो करायला लागल्या. एका बिल्डरला आपला फोटो ताणून पूर्ण जागा भरून हवी होती. बाई म्हणाल्या, "मी माणूस कापीन, ताणणार नाही. रुंद व्हायचं असेल तर घरी जाऊन जेवा." तो मुकाट्यानं कापून घेऊन गेला.

मी कात्रजच्या पलीकडचा. गाव महापालिकेत आलं, आमच्या रानात आयटीवाल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, हातात पैसा खुळखुळायला लागला आणि मला नगरसेवक व्हायची हौस आली. आमच्याकडे तिकिटं वाटायचे साहेब. त्यांच्या नजरेत भरावं म्हणून फेसबुकवर झकास कव्हर टाकायचं ठरवलं आणि एकोणीस चेहरे घेऊन बाईंकडे गेलो.

"हा सगळा वऱ्हाडाचा फोटो का?" बाईंनी विचारलं.

"आमचे नेते हायेत मॅडम. वरच्या ओळीत मोठे. खालच्या ओळीत डावीकडं पहिला मान साहेबांचा."

"तो कोपरा मोकळा ठेवायचा. मोबाईलवर तिथे तुमचा स्वतःचा गोल फोटो येऊन बसतो."

"मानाची जागा मोकळी ठेवली तर मला गावात तोंड दाखवता येईल का?"

"अहो, मान तुमचा, माप फेसबुकचं. मी दोन फायली देते. एक मापाची, एक मानाची. कुठली लावायची ते आपण ठरवा."

मी कसला ऐकतोय! मानाची लावली. घरच्या कॉम्प्युटरवर ती अशी काही दिसत होती की बायकोला दोनदा बोलावून दाखवली.

दुपारी साहेबांच्या माणसाचा फोन आला. "साहेबांनी मोबाईलवर बघितलं. त्यांचा फोटू कुठं हाय?" मी मोबाईल उघडला. साहेबांच्या जागी मी हसत होतो आणि माझ्या मागून साहेबांचा एक कान तेवढा बाहेर आला होता. चार दिवसांनी तिकीट दुसऱ्यालाच गेलं.

मी इरेला पेटलो. म्हटलं, अपक्ष उभा राहतो. पण ही बातमी फुटली आणि कव्हरवरच्या मंडळींचे फोन सुरू झाले, आमचा फोटो काढ म्हणून. पुन्हा बाईंपुढे उभा राहिलो. "मी सांगितलं होतं" हे त्या म्हणाल्या नाहीत, एवढे उपकार झाले. मी नावं सांगत गेलो, त्या एकेक चेहरा उडवत गेल्या.

"हे कोण?"

"मेव्हणे."

"यांनाही काढायचं?"

"त्यांचा तर पहिला फोन आला."

शेवटी पडद्यावर नुसतं मागचं आभाळ उरलं. बाई म्हणाल्या, "आता जागाच जागा आहे. आपण केलेल्या एखाद्या कामाचा फोटो द्या."

मी फोन काढला. वाढदिवसाचे केक होते, शाली होत्या, नारळ होते, साहेबांच्या गाडीचं दार उघडताना मी होतो. आमच्या भागात पाण्याचा टँकर रोज माझ्या दारावरून जातो, बायका त्याच्यामागे हंडे घेऊन धावतात. त्या पाण्यासाठी मी काही करत असल्याचा एकही फोटो नव्हता. कारण मी काही केलंच नव्हतं. बाई वाट बघत होत्या आणि मी उगाचच बोट फिरवत राहिलो. एवढी लाज मला तिकीट गेलं तेव्हाही वाटली नव्हती.

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फाईल बंद केली. "काम झालं की या," त्या म्हणाल्या. "माप मला पाठ आहे."

अपक्ष अर्ज मी भरला नाही. त्यानंतर वर्तकबाई आणखी पाच वर्षं त्या दुकानात बसत होत्या. परवा त्या गेल्याचं कळलं. मला काही त्यांच्याकडे परत जायची वेळ आली नाही.