लांजेवार मास्तरांची रोवणी

कोणी कितीही धापा टाकत आला तरी लांजेवार मास्तर आधी एकच विचारायचे, "पाळ फुटली का?" नाही म्हटले की, "मंग कायले बोंबलून रायला? बस. पानी पे." मास्तर कोहळी घरातले. वाडवडिलांनी गावोगावी तलाव बांधलेले, त्यामुळे तलावाची पाळ फुटणे हेच त्यांच्या लेखी संकट. बाकी सगळे किरकोळ.

गोंदियाच्या आमच्या बोर्डिंगाचा कारभार ते पाहत आणि शाळेत भूगोल शिकवत. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षे झाली असतील. आमच्या गावी, दवनीवाड्याला, मॅट्रिकचा वर्ग नव्हता, म्हणून शेवटच्या वर्षाला मी या बोर्डिंगात दाखल झालो. बाकीची पोरे पाचवीपासून एकत्र, मी एकटा उपरा. त्यात आल्या आल्या पराक्रम केला. घरून आणलेला तांदूळ ज्याने त्याने कोठीत ओतायची रीत होती. आईने दिलेला उसना, म्हणजे उकडलेल्या धानाचा तांदूळ मी सरळ साध्या अरव्या तांदळाच्या कोठीत रिकामा केला. जेवताना अरव्याचा झालेला गिचका आणि उसना दाताखाली कटकट. पोरे अशी बघत होती की भाताबरोबर मलाही गिळतील. मास्तरांनी मात्र दुसऱ्यांदा भात मागून घेतला. "चावून खा रे. दात कायले देले देवानं?" कोठी संपेपर्यंत सगळ्यांनी तोच भात खाल्ला आणि तोवर माझ्याशी कोणी धड बोलले नाही.

अशात एका शनिवारी माझे वडील, बाबूजी, बैलबंडी घेऊन दारात हजर. थोरल्या भावाचा हात मोडला होता आणि रोवणी, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आलेली. "पंधरा रोजासाठी नेतो," म्हणाले. रोवणीला गेलेला पोरगा पुढे निंदणीला थांबतो, मग कापणीला, मग मळणीला, आणि त्याची मॅट्रिक तिथेच आटोपते, हे बोर्डिंगात सगळ्यांना ठाऊक होते. मला जायचे नव्हते. पण बाबूजींपुढे तोंड उघडायची आमच्या घरात कोणाची छाती होती? पेटी उचलून बंडीत ठेवली.

मास्तर बाहेर आले. पेटीकडे पाहिले, बाबूजींकडे पाहिले.

"बिसेनभाऊ, तुमाले पोट्टा पायजे का हात पायजेत?"

"हातच पायजेत जी."

"मंग एकाच पोट्ट्याचे कायले नेता? सारेच न्या!"

आणि खरेच, मॅट्रिकचा अख्खा वर्ग बंडीमागून दवनीवाड्याला निघाला. रविवारी उजाडताच आम्ही बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरलो. पोरे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटत होती, मास्तर धोतर खोचून त्यांच्या पेंढ्या वाहत होते. मध्येच त्यांना रोवायची हुक्की आली. त्यांची ओळ पाहून रोवणाऱ्या बाया हसून लोटपोट.

"मास्तर, सरळ रेघ फळ्यावरच ठेवून आले का जी?"

"वाकडं रोवलं तरी धान वरतेच जाते, बाई! तुमी आपलं पाहा."

दुपारी आईने नीट शिजवलेला उसना भात वाढला. पोरांनी पातेले खरवडून खाल्ले. एकाने मला चिखलात ढकलले, मी त्याला ओढले. त्या दिवशी मी बोर्डिंगातला झालो.

उरलेल्या दोन बांध्या पुढच्या रविवारी करून देऊ, असे मास्तरांनी सांगून टाकले. संध्याकाळी मी बंडीतून पेटी उतरवायला गेलो, तर बाबूजी बैल जुंपत म्हणाले, "राहू दे. मास्तरले गोंदियाले सोडून देतो, तुले बी सोडतो."

मी मॅट्रिक झालो, नागपुरात नोकरीला लागलो. मास्तर गेल्याची बातमी मला फार उशिरा कळली. त्यांचे शेवटचे दर्शन झाले नाही, याचे आजही वाईट वाटते. आईने नंतर सांगितले, की निरोप आला तेव्हा ऐन रोवणी चालू होती, बाया चिखलात उभ्या होत्या. बाबूजींनी चिखलणीचे बैल सोडून बंडीला जुंपले आणि "रोवणी राहू द्या" एवढेच बोलून ते गोंदियाला निघून गेले.