निकानोरचा खालचा सूर

निकानोर उक आमच्या त्रिकुटात चाळीसेक वर्षं गायला, आणि अख्ख्या मेरिदा शहरात त्याचा आवाज ओळखणारा माणूस सापडणार नाही. नाव होतं ते वरचा सूर गाणाऱ्याचं, म्हणजे फिदेन्सिओचं. त्याला खालून सावरून धरायचं काम निकानोरचं. मी विल्बर्ट. छोटी गिटार वाजवतो, तिसरा आवाज लावतो आणि या दोघांची भांडणं मिटवतो, तीही फुकट.

दुपार कलली की पांढरे सदरे चढवून आम्ही चौकात उभे. कुणी प्रेयसीच्या खिडकीखाली गायला न्यायचं, कुणी आईच्या वाढदिवसाला. पुढे लोक स्पीकर लावून आपले आपणच भसाडं गायला लागले. उभं राहून पाय भरून यायचे, गिऱ्हाईक यायचं नाही. फिदेन्सिओची ऐट मात्र जशीच्या तशी!

"कंपाद्रे, तू नुसता ऊं ऊं करतोस," तो निकानोरला डिवचायचा. एकमेकांच्या पोरांचे धर्मपिता दोघं, त्यामुळे जिभेला हाड नाही.

"माझं ऊं ऊं थांबलं ना, की तोंडावर आपटशील," एवढं बोलून निकानोर हातातला पाव खायला लागायचा.

मग फिदेन्सिओची फुप्फुसं गेली. खाटेवरून त्याने निकानोरचा हात धरला. "माझ्या मातीला हर्लिंदाचं गाणं तू म्हण. वरचा सूर. दुसरा कुणी उभा केलास तर भूत होऊन मानेवर बसेन." हर्लिंदा त्याची बायको. लग्नाआधी तिच्या खिडकीखाली आम्ही तिघांनी तेच गाणं गायलं होतं. निकानोर हो म्हणाला. रडत होता बिचारा, दुसरं काय म्हणणार?

फिदेन्सिओ गेला त्या संध्याकाळी माझ्या अंगणात आम्ही तालमीला बसलो. पहिली ओळ वर गेली, दुसरीला गडी घसरला खाली.

"अरे गाढवा, वर! वर!"

"कळतंय रे. गळाच वळत नाही."

"चौकातला दुसरा कुणी बोलवू."

"शब्द दिलाय, विल्बर्ट."

दफनाच्या वेळी ऊन नुसतं भाजत होतं. मी गिटार सुरू केली. पहिली ओळ निकानोरने कशीबशी वर नेली आणि दुसरीला व्हायचं तेच झालं. तो थांबला. झालं, बुडालो, म्हटलं मी. पण हात थांबवले नाहीत. मग त्याने डोळे मिटले आणि सबंध गाणं खालच्या सुरात म्हटलं, जन्मभर म्हणत आला तसं. त्याच्याखाली मी. वरची जागा रिकामी. तिथे काय असायला हवं ते तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं, पण ती जागा कुणी गाऊन भरली नाही. मला फिदेन्सिओचा असा राग आला! मरायची काय घाई होती मेल्याला?

गाणं संपल्यावर निकानोर टोपी हातात घेऊन हर्लिंदापुढे उभा राहिला. "हर्लिंदाबाई, माफ करा. शब्द दिला होता त्याला. नाही जमलं."



"जन्मभर हे गाणं ऐकत आले," ती म्हणाली. "यात तुम्ही होता, हे आज कळलं."

निकानोरने टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली. मग फाटकाशी जाऊन पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.