डोंगरातले साठ वर्षांचे

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्हा काही शिक्षकांना नाशिकच्या जिल्हा कार्यालयात मृत्यूंची माहिती गोळा करायला बसवलं होतं. शाळा बंद, म्हणजे आम्ही रिकामटेकडेच, असा सगळ्यांचा समज. मी गणिताची बाई. गंगापूर रोडवरच्या घरातून डबा घेऊन निघायचे आणि दिवसभर तालुक्यांना फोन लावायचे. उत्तरपत्रिकेत एक जागा कोरी दिसली तरी माझं डोकं फिरतं. ही खोड मी तिथंही घेऊन गेले.

शहराचे रकाने रोज गच्च भरायचे. नांदगावकडूनही बरीच नावं यायची. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून मात्र मोजकीच. "नागलीची भाकर खातात, हवा चांगली," असं आम्ही चहा पिताना म्हणायचो. म्हणायला काय जातं!

डोंगरातली माहिती मला तिथली एक आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची स्वयंसेविका, द्यायची. ती पाड्यापाड्यांवर पायी फिरायची आणि फोन लागावा म्हणून टेकडीवर चढायची. मी वय विचारलं की म्हणायची, "म्हाईत नाय बाई. दाखला कोणाकडं हाय?" वयाचा रकाना कोरा ठेवला तर संगणक पुढे सरकत नसे. मग मी साठ टाकायचे. पुढच्यालाही साठ. रकाना भरला की मला बरं वाटायचं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

एका दुपारी ती म्हणाली, "बाई, तपासणीची गाडी कधी पाठवता? माझा भाऊ नाशकात बांधकामावर होता, ताप घेऊन आलाय. लय दम लागतोय त्याला. खाली दवाखान्यात न्यायला जीपवाले बसवून घेत नाय."

गाडीत डॉक्टर असत, ऑक्सिजन असे. आमच्या वाट्याला तशी एकच गाडी होती. मी लगेच उठून साहेबांकडे गेले. त्यांनी माझाच तक्ता पुढ्यात ओढला. "डोंगरात सगळे साठीचे दिसतायत. वयानं जात असतील. घोटीच्या बाजारात तरुण माणसांची गर्दी आहे, गाडी आधी तिकडं जाऊ दे."

तक्ता इतका स्वच्छ होता की मलाही पटलं.

तिला फोन करून तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारे हायत असं कोणी सांगितलं, बाई? परवा गेला त्याचं पोर अजून रांगतंय. त्याच्या आधीची बाई, तिची थोरली यंदा नववीला. समदी द्राक्षबागांवरनं, बांधकामावरनं आलेली माणसं. म्हातारे कामाला कुठं गेले नव्हते, ते बसलेत की ओट्यावर."

वर्गातल्या मुलांवरून त्यांच्या आईबापांची वयं मी आयुष्यभर ताडत आले होते, आणि इथं एकदाही विचारलं नाही की धाकटं पोर चालतं का, थोरलं कितवीत आहे. आम्ही दोघींनी फोनवर एकेक नाव पुन्हा घेतलं. साठ पुसून कुठं तीस लिहिलं, कुठं पस्तीस. शहरात आजी-आजोबा जात होते, डोंगरात कमावते हात.

तो कागद घेऊन मी साहेबांसमोर उभी राहिले. "ही वयं मी मनानं भरली होती," म्हटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि ड्रायव्हरला फोन लावला. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घोटीहून सुरगाण्याकडे वळली.

त्या दुपारी तिचा फोन आला.

"गाडी आली बाई. घरोघर तपासलं. दोघांना खाली दवाखान्यात नेलं."

"आणि भाऊ?"

"एक नाव लिहून घ्या," ती म्हणाली. तिनं नाव सांगितलं, पाडा सांगितला. मी लिहीत होते. पुढचा रकाना वयाचा होता. तिनंच सांगितलं.

"वय बत्तीस लिहा. माझ्या पाठचा हाय, मला पक्कं ठाऊक हाय."

मी बत्तीस लिहिलं. फोन तिनंच ठेवला. तिला अजून दोन पाडे फिरायचे होते.