मुद्दनकेऱ्याचा निळीचा हौद

“वाट गोल असली की चुकलेला माणूससुद्धा निघाला तिथंच पोचतो,” असं वेंकोबा एकदा म्हणाले होते. तेव्हा ते स्वतः चुकलेले होते आणि त्यांच्यामागं चौदा माणसं होती.

वेंकोबा राहायला म्हैसूरला, कुवेंपुनगरात. तेहतीस वर्षं त्यांनी विजेचे मीटर वाचले. जिन्याखालच्या अंधारात आकडा बघायचा, लिहायचा, पुढच्या घराला चालू लागायचं. निवृत्तीनंतर आकडे सुटले, चालणं राहिलं. गेली अकरा वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते लोकांना बेट्टदपुराच्या बाजूला, मुद्दनकेरे नावाच्या गावी नेतात. आठ किलोमीटरचा फेरा. फोनवरच्या निरोपात ‘मध्यम अवघड’ असं लिहिलेलं असतं. मध्यम म्हणजे काय, असं अनुषा नावाच्या मुलीनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “ज्यांना गुडघे आहेत त्यांच्यासाठी.”

फेरा तळ्याच्या बांधावरून सुरू होतो. मग तंबाखूची शेतं, पानं वाळवायच्या विटांच्या उंच भट्ट्या, मग खडकाचा चढ. माथ्यावर बसवण्णाचं देऊळ. उतरताना नाचणीच्या शेताकडेला तीन वीरगळ आहेत. त्यातला एक वीर कमरेपर्यंत मातीत गेला आहे. “मागच्या महिन्यापेक्षा खाली गेलाय,” असं वेंकोबा दर महिन्याला सांगतात. मोजलं कुणीच नाही.

फेरा संपतो गावच्या देवळामागं, भिंत घातलेल्या आवारात. तिथं एक दगडी हौद आहे. वेंकोबांचं घराणं रंगाऱ्यांचं, घरातली बोली मराठी. पणजोबा नरसिंहप्पा याच गावात निळीत कापड रंगवत, आणि “देवळामागं आपला हौद आहे,” असं वडील सांगत. वडील गेल्यावर वेंकोबा इथं आले, देवळामागं पाहिलं, हौद होता. खात्री झाली. त्यांनी स्वतः आयुष्यात हातरुमालसुद्धा रंगवला नव्हता. कापडावर छापायचे लाकडी ठसे चुलत्यांनी कधीच विकले होते. घराण्याचं म्हणून दाखवावं असं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून हौदापाशी ते सगळ्यात जास्त वेळ थांबायचे.

यंदा पंचायतीनं तिथं पाटी लावायचं कबूल केलं. वेंकोबांचे अर्ज दोन वर्षं चालले होते. निळी पाटी, पांढरी कन्नड अक्षरं: रंगारी नरसिंहप्पा यांचा निळीचा हौद. पाटीवरचं फडकं ओढायला त्यांनी तुंगाआत्याला बोलावलं. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची. लग्नाआधी म्हैसूरच्या घरी वडिलांच्या हाताखाली तिनं निळीत कापड रंगवलं होतं, घराण्यात तशी ती शेवटची. तिची नात पावनी तिला गाडीनं थेट देवळापाशी घेऊन आली.

मंडळी डोंगर उतरून धुळीनं माखून आली तेव्हा पंचायतीचे अध्यक्ष पुट्टस्वामी हार घेऊन उभे होते. आत्या पाटीकडं गेलीच नाही. ती हौदापाशी गेली.

“वेंक्या, हे काय?”

“आपला हौद, आत्या.”

“अय्यो! कुणी सांगितलं तुला?”

“अप्पांनी.”

“तुझ्या अप्पाला पंचा पिळता येत नव्हता रे.” आत्यानं पदर खोचला आणि हात सरळ आत घातला. बोटं तळाला टेकली. कोपर बाहेरच राहिलं. “निळीच्या हौदात हात खांद्यापर्यंत जायला पाहिजे. खाली गाळ बसतो, कापड त्याला लागलं की डागलं. ह्यात काय रंगवणार, टोपी? आणि हा काठ बघ कसा झिजलाय. माना घासून घासून. गुरांना पाणी पाजायची तोट्टी आहे ही.”

“मग आपला?”

“गोत्तिल्ला बाबा, मला काय ठाऊक. बुजवला असेल. नीळ घाण मारते, देवळाला चिकटून कोण ठेवून घेणार?”

हे सगळं मराठीत झालं. आलेली मंडळी कन्नड बोलणारी. म्हातारीनं हौदात हात घालणं हा विधी असावा असं समजून अनुषानं फोटो काढला. दोघांनी चपला काढल्या. पावनीला मराठी निम्मीच कळते. तेवढं पुरलं होतं, ती स्वतःच्या बुटांकडं बघत होती.

“आजी काय म्हणाल्या, सार?” पुट्टस्वामींनी कन्नडमध्ये विचारलं. “मोठ्यानं सांगा की सगळ्यांना.”

 सगळे वेंकोबांकडं वळले.

“आशीर्वाद दिला ना?” पुट्टस्वामींनीच पुढं विचारलं.

वेंकोबांनी पाटीवरचं फडकं काढलं, त्याची नीट घडी केली आणि आत्याच्या हातात दिली. मग पिशवीतून मीटरच्या दिवसांतला स्क्रू-ड्रायव्हर काढला. पाटीला चार स्क्रू होते. तिसरा घट्ट होता, त्यावर त्यांनी अंगाचा भार टाकला.

“वाकडी बसली काय, सार?” पुट्टस्वामी म्हणाले. “कालच लावलीय. पातळी बघून लावलीय.”

वेंकोबांनी चारही स्क्रू पुट्टस्वामींच्या तळहातावर ठेवले. दुसऱ्या हातात हार होता, त्यामुळं त्यांना काहीच करता येईना.

“वेंक्या,” आत्या म्हणाली, “जेवून तरी जा रे.”

वेंकोबांनी पाटी, अक्षरं आतल्या बाजूला करून, काखेत धरली, फाटक उघडलं आणि ते बाहेर पडले.