रजिस्टरातलं पुसलेलं पान

बाळांनो, आज स्वेटर काढताना कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मला शहापूरच्या शाळेतलं माझं ऑफिस आठवलं. मी तिथे मुख्याध्यापिका होते. वाळवीनं जुनी रजिस्टरं संपवण्याआधी आम्ही त्यांची पानं स्कॅन करून साठवणीच्या एका मशीनमध्ये ठेवली होती. टापटिपीच्या हौसेपायी एके दुपारी मी त्यातला एक फोल्डर दुबार समजून पुसून टाकला. दुसऱ्याच दिवशी पाड्यावरची एक बाई आली. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता आणि त्यासाठी तिच्या सासऱ्यांची शाळेतली नोंद. ती नेमकी मी पुसलेल्या पानांत होती. ते मशीन बसवून देणाऱ्या मशीनवाल्याला बोलावलं, तो म्हणाला, "पानं आतच आहेत मॅडम, पण परत काढायची सोय बंद आहे. कंपनीचं लायसन्स घेतलं की उघडेल." ती बाई चकित झाली. "म्हंजे पेटी तुमची, कागद तुमचं, न् चावी दुसऱ्याकडं? असा कसा हो बाई?" चूक माझी होती, म्हणून लायसन्सचे पैसे मीच भरले. मशीनवाल्यानं कंपनीकडून आलेला लांबलचक नंबर टाइप केला आणि पडद्यावर ते पिवळं पान उघडलं. मी नाव मोठ्यानं वाचलं, तसा तिनं झटकन पदर डोक्यावर घेतला, जणू सासरे दारातून आत आले होते. निघताना हळूच म्हणाली, "आता काय पुसू नका हां, बाई." म्हणूनच बाळांनो, माझ्या हॉलच्या भिंतीवर तुम्ही लहानपणी काढलेल्या रेघोट्या मी पुसल्या नाहीत, अजून तशाच आहेत.