डागीचं कातडं

हे लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. सुडाच्या आठवणी लोक सहसा पश्चात्ताप झाल्यावर लिहितात. मला तो झालेला नाही, आणि झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल.

आमचं गाव जामखेडच्या बाजूला, जिल्ह्याच्या अगदी कडेला. गावाखालून एक ओढा जातो. मी कॉलेजात होतो त्या, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत ओढ्याच्या अलीकडे इंग्रजांचं राज्य होतं आणि पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख. शिकारीचे कायदे दोन्हीकडे वेगळे, आणि आमच्या माळापर्यंत त्यातला एकही नीट पोचलेला नव्हता. काळविटांचा कळप मात्र एकच होता. सकाळी तो आमच्या ज्वारीत असे आणि दुपारी पलीकडच्यांच्या हरभऱ्यात. म्हणून दोन्ही गावांनी आपसांत नियम घालून घेतले होते. होळीच्या सुमारास, रानं मोकळी झाली की, ओढ्याच्या कोरड्या वाळूत बैठक बसे. यंदा पाडसं किती दिसली, त्यावरून कुठल्या गावाने किती नर मारायचे ते ठरे. मादी कुणीच मारायची नाही. मारलेल्या जनावराचं डोकं शिंगांसकट हद्दीवरच्या बाभळीला टांगायचं, म्हणजे संशयाला जागा नको, कारण मादीला शिंगं नसतात. नियम मोडणाऱ्याने दुसऱ्या गावाच्या पिकाची एक हंगामभर राखण करायची.

किती नर मारायचे, हे माझे वडील सांगत. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आमचं रान ओढ्याला लागून, आणि आबांना तरुणपणापासून कळपाचा नाद. त्यांनी सांगितलेल्या आकड्याला दोन्ही गावांत कधी कुणी हरकत घेतली नव्हती. आमच्या घराला गावात मान होता तो एवढाच.

कळपाच्या पुढे एक म्हातारी हरणी असे. तिच्या पाठीवर लांडग्याने ओरबाडल्याचा लांब, वाकडा व्रण होता. त्यावर केस पुन्हा उगवले नव्हते. सगळे तिला डागी म्हणत. ती रोज एकाच वाटेने ओढा उतरे आणि मागून कळप उतरे. त्यामुळे राखण कुठे करायची ते दोन्ही गावांना ठाऊक असायचं.

मी पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीला आलो होतो, तेव्हा कुत्र्यांनी आमच्या उकिरड्यातून डागीचं डोकं उकरून काढलं. नुसतं डोकंच, बिनशिंगांचं; आणि त्या सकाळी कळप डागीशिवायच ओढा उतरला होता. दुपारपर्यंत दोन्ही गावं वाळूत जमली. आबांनी एकदाच सांगितलं, की मी मारली नाही. मग आमच्या गावचे, फौजेतून पेन्शनीवर आलेले हवालदार उठले. त्यांच्याकडे चांगली बंदूक होती, आणि लढाईच्या त्या टंचाईतही नगरजवळच्या भिंगारच्या छावणीतल्या ओळखीवर त्यांना काडतुसं मिळत.

ते म्हणाले, "पोरगं पुन्याला कालेजात हाय. मास्तर लोकांना काई तरी न्यावंच लागतं की. बापानं पोराची फी हरनीच्या तंगडीनं भरली म्हना."

लोक हसले. माझ्या शेजारी बसलेले, मला लहानपणी खांद्यावर घेतलेले लोक हसले. मी उठून काहीतरी बोलायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण शब्द सुचेपर्यंत बैठक मोडली होती.

तो हिवाळा आबांनी ओढ्यापलीकडच्या माळ्यावर काढला. चार बांबूंवर बांधलेल्या त्या फळीवर बसून ते परक्यांच्या ज्वारीतून हरणं हाकत, आणि इकडे आमची ज्वारी हरणं खात. डागी नसल्यामुळे कळप वाट सोडून वाटेल तिथून उतरू लागला होता. आबा खोकला घेऊन परत आले. पण खोकल्यापेक्षा वाईट झालं ते होळीला. त्या वर्षीचा आकडा हवालदारांनी सांगितला. भरपूर सांगितला. आबा मागच्या रांगेत बसले होते आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही.

पुण्यात वर्गात बसलो की माझ्या डोळ्यांपुढे ती मागची रांग येई. हवालदाराला त्याच फळीवर, त्याच थंडीत बसलेला पाहायचं, याखेरीज मला त्या वर्षी दुसरं काही हवं नव्हतं. परीक्षेत पास व्हायचं होतं, तेसुद्धा यासाठीच, की पुढच्या वेळी बोलताना जीभ अडखळू नये. पण माझ्याकडे नुसता संशय होता.

पुढच्या दिवाळीला गावी जाताना मी नेहमीप्रमाणे नगरला माझ्या हायस्कुलातल्या मास्तरांकडे उतरलो. कोळशाच्या गॅसवर चालणारी आमच्या बाजूची सर्व्हिस मोटार दुसऱ्या दिवशी सुटायची होती. मास्तरांचे वडील फार सोवळे. देवघरात हरणाच्या कातड्यावर बसून जप करायचे. सकाळी त्यांनी कातडं झटकून उन्हात टाकलं, आणि पिवळसर केसांमधून जाणारा लांब, वाकडा व्रण मला दिसला.

हे कुठून आलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुमच्याच गावच्या हवालदारांनी मागच्या दिवाळीत भिंगारला येताना आणून दिलं. मी नराचं काळं मागितलं होतं, त्यांनी हे मादीचं पिवळं आणलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. फार अडखळत सांगितलं. बैठकीपुरतं कातडं मागावं, एवढाच माझा विचार होता. त्यांनी कातड्याची गुंडाळी करून माझ्या हातात दिली.

"परत आणू नकोस," ते म्हणाले. "इतके दिवस मी एकाच्या शिक्षेवर बसून जप करत होतो. मला घोंगडी पुरे."

मी गावी पोचलो आणि होळीची वाट न पाहता वाळूत बैठक बसली. मी कातडं पसरलं आणि ते कुठे मिळालं ते सांगितलं. या वेळी जीभ अडखळली नाही. व्रण पाहिल्यावर कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. हवालदार आधी हसले, मग म्हणाले, मारली ती मोगलाईत मारली, तिकडं इंग्रजांचा कायदा लागत नाही.

पलीकडच्या गावचे सर्वांत वडीलधारे, ज्यांना आम्हीही चाचाच म्हणत असू, ते म्हणाले, "हवालदारसाब, कायदा लागत न्हाई, पर हरनी तर आमचीबी हुती ना? आन तिचं मुंडकं कुन्या राज्यातनं चालत यांच्या उकिरड्यात गेलं?"

मग ते आबांकडे वळले आणि म्हणाले, आळ तुमच्यावर आला होता, शिक्षा तुम्ही सांगा.

मला भीती वाटली, की आबा माफ करतील. ते तसे गरीब स्वभावाचे. मी त्यांच्या कानाशी लागणार होतो, पण त्यांनी मला हाताने मागे सारलं.

"त्योच माळा," आबा म्हणाले. "आन बंदूक माझ्या घरी. हाकायला डबा द्या."

त्या हिवाळ्यात हवालदार माळ्यावर बसले. नाताळच्या सुट्टीत मी रोज संध्याकाळी आमच्या बांधावर जाऊन बसे. पलीकडून डबा वाजायचा. मध्येच थांबायचा, कारण बोटं गारठलेली असणार. मग पुन्हा वाजायचा. मला तो आवाज फार आवडे. आई म्हणे, घरात ये, थंडी बाधेल. मी म्हणे, आलो, आणि बसून राही.

होळीला बैठक भरली. आबांना पुढे बोलावलं गेलं. ज्यांनी मागे हसून घेतलं होतं, त्यांनीच सरकून जागा केली. दुसऱ्या दिवशी धुळवड, आणि धुळवडीचं मटण आमच्याकडे काळविटाचंच असे. मंडळी सुऱ्यांना धार लावून आली होती.

आबांनी सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं.

"औंदा एक बी न्हाई," ते म्हणाले. "न्हाई हिकडं, न्हाई तिकडं."

कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, धुळवडीला आता काय वरण-भात खायचा? चाचांनी मात्र मान डोलावली. म्हणाले, कळप यांना ठाऊक.

घरी येताना मी आबांना विचारलं, की हे पाडसांसाठी होतं की त्या हसणाऱ्यांसाठी?

"पाडसं कमी हायती, ते खरं हाय," ते म्हणाले. "मला बरं वाटलं, ते बी खरंच हाय."

धुळवडीला दोन्ही गावांत चुलीवर नुसती आमटी शिजली. आमच्या घरीसुद्धा. आबांनी ती दोनदा मागून घेतली.