पेज लावलेले जोडे

या बायांनो, जवळ सरका. उंबऱ्याशी काऊन थबकल्या? इतके दिवस तोंड दाखवलं नाही, त्याबद्दल नंतर बोलते. आधी आमच्या नर्सबाईचं ऐका.

ती कुणाकडेही गेली की दारातल्या चपला उचलायची, उलट्या करून तळ पाहायची. मग मान हलवून म्हणायची, "पाहू तं खरं, जमते का!"

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. गोंदियाला स्टेशनामागे आम्ही शेजारी राहायचो. समोर क्लबचं टेनिस कोर्ट, मुरमावर शेणानं सारवलेलं. गोरे साहेब गेले, तरी खेळायचे पुरुषच. हिला खेळायचं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "एक शाम खेलकर दिखाइए. लेकिन जूते के बिना नहीं. और कोर्ट खराब हुआ, तो औरतों का खेल बंद."

आता जोडे आणायचे कुठून? म्हणून तर ती दारोदारी कोर्ट न खरवडणारा तळ शोधायची. बाजारात कॅनव्हासचे बूट होते, पण पुरुषी. "वहिनी, एकाच बुटात माझे दोन्ही पाय मावून राहिले!"

मग टायरच्या तळाच्या चपला घालून ती माझ्या सारवलेल्या अंगणात धावली. काळे ओरखडेच ओरखडे.

"माझं अंगण कायले काळं करून राहिली गं?"

"इथं सेक्रेटरी नाही ना, म्हणून!"

शेवटी तिनं राइस मिलचं जुनं बारदान आणलं, घड्या घातल्या आणि दाभणानं जोडे शिवले. भर दुपारी माझ्या अंगणात पळून पाहिलं. एक डाग नाही! माझे हात धरून गरगर फिरली.

पण ते जोडे दिसायचे गबाळे. साहेब लोकांत शोभावेत म्हणून तिनं, आपण लुगड्याला लावतो तशी, त्यांना भाताची दाट पेज लावली. उन्हात वाळून कसे टणक झाले!

संध्याकाळी कोर्टावर नुकतंच पाणी मारलेलं. बाई पहिल्या चेंडूला धावली. ओलाव्यानं पेज चिकट झाली आणि जोड्याला चिकटून सारवणाचा पोपडा वर आला. दुसऱ्या पावलाला दुसरा.

"बाई, कोर्ट घरी घेऊन चालल्या का?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. सेक्रेटरी उठले, "बस, बंद करो."

मला वाटलं, आता रडते. तिनं वाकून जोडे काढले, मोजेही काढले, बाहेर ठेवले. नेहमी मोज्यांत लपवलेल्या तिच्या भेगाळ टाचा उघड्या पडल्या.

"जोडे घातले तं तुमचं कोर्ट जाते, काढले तं तुमचा कायदा जाते. सांगा, काय वाचवू?"

सेक्रेटरींनी कोर्टाकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं आणि ते खाली बसले. "खेलिए."

हरली हो ती, चांगलीच हरली! पण अनवाणी पायांनी कोर्टाला ओरखडा नाही काढला. सकाळी आम्ही दोघींनी उखडलेली जागा सारवून दिली. मग शनिवार बायांचा झाला. मीही जायची. माझा चेंडू बहुधा शेजारच्या शेतात, धानाच्या बांधीतच पडायचा.

दोन हिवाळे खेळलो. मग तिची बदली झाली, आणि पुढे काही कळलंच नाही. त्या जागी आता घरं आहेत. तिथून जाताना मला अजून दिसते ती. पदर खोचून, चुन्याच्या रेघेवर, टाचा उचलून उभी. चेंडू येतोय, आणि तिचं लक्ष फक्त त्याच्याकडे.

निघाल्या एवढ्यात? बरं. पण धान कापून झालं की लगेच या हो. मला एकटीला चहा गोड लागत नाही.